साडेबारा टक्के मीठ

बॅगेतून आधी निघाला त्रिशाचा ओलसर स्विमसूट,
मग बोटीची चार तिकिटं, चुरगळलेली,
मग काजूच्या डब्यात लपवलेलं
पाव किलो मीठ.
करावे गावातल्या आमच्या ओट्यावर
भूमध्य समुद्र एवढाच उरला.

सहलीचा तक्ता मी केला होता.
इतिहास: दीड दिवस. निसर्ग: दोन.
मुलांची मजा: उरलेलं सगळं.
आबांसाठी रकानाच नव्हता.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट शेवटी विकला,
वाटण्या झाल्या, सह्या झाल्या,
आणि सगळे उठता उठता आबा बोलले,
"मना पन न्या. बगू त्यांची खारी कशी हाय."

व्हिसाच्या खिडकीत
मशीनला आबांचे ठसे सापडेनात.
पुसा, पुन्हा ठेवा. जोरात दाबा.
काचेमागच्या पोरीने विचारलं, "आजोबा, काम काय करायचात?"
"मीठ," आबा म्हणाले.
मागची रांग हसली,
जणू मीठ ही नुसती चव असते,
कुणाचं काम नसतं.

गोझो बेटावरचं देऊळ पिरॅमिडहून जुनं.
वेदूने विचारलं, यात देव कुठाय?
देव नव्हता. एक पाल होती,
पाच हजार वर्षांच्या दगडावर पोट शेकत.
आबांनी चपला मात्र
बाहेरच काढून ठेवल्या होत्या.

निळ्या पाण्यात मुलं बोटं सुरकुतेपर्यंत डुंबली.
हरेश्वर बोटीत दोनदा ओकला,
आगऱ्याचा पोर असून,
आणि हे गावात सांगायचं नाही, अशी शपथ
त्याने आम्हा सर्वांना घातली.

चौथ्या दिवशी बस चुकली.
चालत निघालो, रस्ता वळला,
आणि खाली, खडकात कोरलेल्या
चौकोनी कुंड्याच कुंड्या, लाटेला टेकलेल्या,
कुणी आरसे वाळत घातल्यासारख्या.

आबा थांबले.
मला वाटलं, गुडघा.

एक म्हातारा झाडूने मीठ ओढत होता.
आबा दोरी ओलांडून थेट त्याच्याजवळ गेले,
वाकले, एक खडा चिमटीत फोडला,
जिभेला लावला, आभाळाकडे पाहिलं,
आणि दोन बोटं वर केली.
म्हातारा हसला. त्याने तीन केली.
आबांनी मान हलवली: दोन.
अर्धा तास चालली ती घासाघीस,
एक शब्द न बोलता,
मीठ आणखी किती उन्हं मागतंय यावर.

"दगराचा आगर हाय यांचा," वर येताना ते म्हणाले,
"पाय रुतत नाय."
एवढंच. पण बोलताना त्यांचा पाय
सपाट रस्त्यावर उचलून पडत होता,
चिखलातून काढावा तसा.

माझं माहेर घाटावरचं.
मीठ मला पुडीतलं माहीत.
लग्नात आडनावाआधी जात ऐकली, आगरी,
आणि त्या शब्दात एक आगर आहे
हे बारा वर्षं कानावर पडून ऐकू आलं नव्हतं.
आबांचं आगर आता एक सेक्टर आहे.
त्यावर अठरा मजले, खाली पोहण्याचा तलाव,
गोड्या पाण्याचा.
मागच्या पाणथळीत रोहित पक्षी अजून उतरतात,
त्यांना नोटीस गेली नसावी.

त्रिशाला शाळेत निबंध आला, माझी सहल.
तिने लिहिलं: मांजरं खूप होती.
आइस्क्रीम महाग होतं.
आबांचं जुनं ऑफिस बघितलं.
बाईंनी शेवटच्या ओळीखाली
लाल प्रश्नचिन्ह काढलं आहे.

आणि मीठ?
दोन दिवसांत पाझरायला लागलं,
खाडीची हवा त्याला मानवेना.
मी म्हटलं, टाकून देऊ का?
आबांनी बरणी मागितली,
बोटं कोरडी पुसली,
आत तांदळाचे चार दाणे टाकले
आणि झाकण फिरवत राहिले,
घट्ट बसल्यावरही, थोडा वेळ.